'द मेसेज'मध्ये फ्लॅशचा हात नाही, मग तो आद्य कलाकार कसा?

प्रश्न थोडक्यात असा: ग्रँडमास्टर फ्लॅशला हिप हॉपचा आद्य कलाकार म्हणतात, पण त्याच्या ग्रुपच्या 'द मेसेज' या १९८२ च्या गाजलेल्या गाण्यात तो रॅप करत नाही आणि स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड मागे-पुढे घासून काढायचा आवाज, तोही त्याने शोधलेला नाही. मग त्याने नेमकं केलं काय? आणि ते घरी दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, करून बघायचं असेल तर कसं?

दोन्ही शंका रास्त आहेत. 'द मेसेज'मधला रॅप मेली मेल आणि ड्यूक बूटी या दोघांचा. फ्लॅश ऐकू येतो तो अगदी शेवटी, पोलीस पोरांना उचलून नेतात त्या छोट्या संवादात. स्क्रॅचचं श्रेय ग्रँड विझर्ड थिओडोरला जातं, आणि ब्रेक (गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा) एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींवर लांबवायची कल्पना डीजे कूल हर्कची. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते मात्र पूर्ण फ्लॅशचं आहे: फिरत्या रेकॉर्डवर सरळ बोटं टेकवून, एकही मात्रा न सांडता, हव्या त्या जागी परत येण्याची पद्धत. टर्नटेबल वाद्य म्हणून वाजवायला जे काही लागतं, त्यातलं बरंचसं या पोराने विशी गाठायच्या आत, खोलीचं दार लावून घेऊन जमवलं.

जोसेफ सॅडलर हे त्याचं खरं नाव. जन्म १ जानेवारी १९५८, बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनचा. कुटुंब न्यूयॉर्कला गेलं आणि तो दक्षिण ब्राँक्समध्ये वाढला. वडिलांकडे रेकॉर्डचा मोठा साठा होता, त्याला हात लावायची पोरांना सक्त मनाई होती आणि लावला तर मार ठरलेला होता. आई शिवणकाम करायची. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. सॅम्युएल गॉम्पर्स या व्यावसायिक हायस्कुलात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. संगीताचं रीतसर शिक्षण नाही, पण सोल्डरिंग आयर्न धरता येतं आणि सर्किटचा नकाशा वाचता येतो, अशा मुलाने डीजेगिरीकडे पाहिलं ही त्याच्या बाबतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इतरांना पार्टी दिसत होती. याला त्यातले बिघाड दिसत होते.

ते बिघाड समजायला हर्कपासून सुरुवात करावी लागते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्कने बहिणीसाठी पार्टी वाजवली. हिप हॉपचा वाढदिवस म्हणून हीच तारीख धरतात. हर्कच्या लक्षात आलं होतं की नाचणारी मुलं गाण्याच्या एका ठरावीक तुकड्याची वाट बघतात. गायक आणि वाद्यं बाजूला होतात आणि नुसता ड्रम, फार तर बेस किंवा बाँगो उरतो, तो हा ब्रेक. तो पाच-दहा सेकंदांत संपतो. म्हणून हर्क एका ब्रेकमधून दुसऱ्या ब्रेकमध्ये उडी मारायचा, कधी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तोच ब्रेक पुन्हा वाजवायचा. त्याची यंत्रणा अवाढव्य होती आणि आवाज पोटात घुसणारा. पण तो सुई नजरेच्या अंदाजाने टाकायचा. रेकॉर्डवर ब्रेकचा पट्टा थोडा वेगळा चमकतो, त्यामुळे जागा साधारण कळते. नेमकी मात्रा कळत नाही. परिणामी एक ब्रेक संपून दुसरा लागताना ठेका मोडायचा, आणि नाचणाऱ्याचा पाय क्षणभर हवेत राहायचा.

त्याच काळात पीट डीजे जोन्स नावाचा वयाने मोठा डीजे क्लबांमध्ये डिस्को वाजवत होता. तो हेडफोन लावून पुढची रेकॉर्ड आधी ऐकायचा आणि एकातून दुसरी सफाईने आणायचा, पण अख्खी गाणी वाजवायचा. फ्लॅशने हर्ककडून ब्रेक घेतला, जोन्सकडून सफाई घेतली. हा मेळ कागदावर सोपा वाटतो. करायला बसलं की चार अडचणी एकदम उभ्या राहतात: रेकॉर्ड नेमकी किती मागे न्यायची, खालची तबकडी फिरती ठेवून वरची रेकॉर्ड कशी थांबवायची, सुई उडू कशी द्यायची नाही, आणि लोकांना न ऐकवता आपण आधी कसं ऐकायचं.

पहिल्या अडचणीवरचा उपाय म्हणजे त्याची 'क्लॉक थिअरी'. सुई उचलायचीच नाही. ब्रेकची पहिली मात्रा, म्हणजे आपल्या भाषेत सम, सुईखाली असताना रेकॉर्डवर मेणाच्या खडूने खूण करायची. ब्रेक वाजून गेला की खूण किती वेळा फिरली ते मोजून तेवढीच रेकॉर्ड उलटी फिरवायची. त्या काळी रेकॉर्डच्या खाचांना बोट लावणं म्हणजे पापच होतं. कडेने धरायची हा नियम. याने खुशाल अख्खा पंजा टेकवला आणि वर रंगवूनही ठेवलं.

याचं गणित मांडून बघण्यासारखं आहे, कारण सरावात ते थेट उपयोगी पडतं. ३३⅓ च्या वेगाला एका फेरीस १.८ सेकंद लागतात. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रा असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदाची, म्हणजे एका फेरीत बरोबर ३ मात्रा. चार मात्रांच्या एका बारला १⅓ फेरी, चार बारना ५⅓. कुठल्याही लयीसाठी १३३⅓ ला त्या लयीने भागा, एका बारच्या फेऱ्या मिळतात. ४५ च्या वेगाची रेकॉर्ड असेल तर १३३⅓ ऐवजी १८० घ्या. शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची लय साधारण १११ आहे. तिथे एका बारला १.२ फेऱ्या आणि चार बारना ४.८. खूण १२ वाजल्याच्या जागी ठेवून सोडली तर चार बारनंतर ती चार पूर्ण फेऱ्या मारून साडेनवाच्या थोडी पुढे उभी असते. तिथून उलटी फिरवताना चार वेळा पूर्ण आणि वर पाऊण फेरीहून किंचित जास्त, की पुन्हा १२. यासाठी हातात वेळ किती? दुसऱ्या प्रतीवर तेच चार बार वाजत असतात तेवढा, म्हणजे सुमारे ८.६ सेकंद. दोनच बारचा ब्रेक असेल तर ४.३ सेकंद, आणि त्यातच फेडर (एका रेकॉर्डचा आवाज बंद करून दुसरीचा उघडणारा सरकता दांडा) हलवायचा, हेडफोनची बाजू बदलायची. फ्लॅशच्या वेगाचं जे कौतुक होतं ते या आकड्यांसमोर ठेवून बघा.

मागे फिरवायच्या दोन रीती तो सांगतो. एकीत रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला बोटांनी वल्ह्यासारखं मागे ढकलत जायचं. तिला तो 'डॉग पॅडल' म्हणतो. दुसरीत लेबलजवळ बोट ठेवून जुन्या फोनची तबकडी फिरवावी तसं गरगर फिरवायचं; ती 'फोन डायल'. कडेने फिरवलं तर ताबा जास्त पण वेग कमी, लेबलजवळून फिरवलं तर नेमकं उलट. नवख्याने कडेने सुरुवात करावी. लेबलजवळच्या जोरात हात जरा खाली दाबला गेला की रेकॉर्ड डगमगते आणि सुई पुढच्या गाण्यात जाऊन पडते.

आता खालची तबकडी. टर्नटेबलवर तेव्हा रबराचा जाड मॅट यायचा. रबर रेकॉर्डला घट्ट धरून ठेवतं, ऐकण्यासाठी ते चांगलंच. पण बोटाने रेकॉर्ड थांबवली की खालची तबकडीही थांबते, मोटरवर ताण येतो, आणि सोडल्यावर पुन्हा वेग पकडेपर्यंत आवाज घसरत वर चढतो. फ्लॅशने कापडाच्या दुकानातून फेल्ट आणला. नुसता फेल्ट लिबलिबीत असतो, रेकॉर्डबरोबर गोळा होतो. त्याने तो एलपीच्या मापाचा गोल कापला, खळ फवारली आणि इस्त्री मारून वेफरसारखा ताठ केला. शिंपिणीच्या घरातला मुलगा दुसरं काय करणार! त्याने त्याला 'वेफर'च नाव दिलं. आज दुकानात मिळणारा स्लिपमॅट म्हणजे तोच. अजूनही मॅट चिकटतोय असं वाटलं तर त्याच्याखाली बटर पेपरचा किंवा रेकॉर्डच्या आतल्या प्लॅस्टिक पिशवीचा गोल तुकडा ठेवतात. घर्षण लगेच निम्म्यावर आल्यासारखं वाटतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर घरी खळ घालून मॅट करायच्या भानगडीत पडू नका: पावसाळ्यात खळ ओल धरते, मॅट सैल पडतो आणि वर बुरशी रेकॉर्डला लागते ती वेगळीच.

टर्नटेबल निवडताना त्याने टॉर्क पाहिला, म्हणजे रेकॉर्ड सोडल्यावर ती किती लवकर पूर्ण वेगात येते. त्याच्या सुरुवातीच्या कामात टेक्निक्सचं एसएल-२३ हे पट्ट्यावर चालणारं मॉडेल होतं. नंतर जगभर मानदंड झालेलं एसएल-१२०० एमके२ हे थेट मोटरचं टर्नटेबल दशकाच्या अखेरीस आलं: ०.७ सेकंदात पूर्ण वेग, आणि वेग ८ टक्क्यांपर्यंत वर-खाली करायची सरकपट्टी. पट्ट्याच्या टर्नटेबलवर ही पद्धत जमते, पण पट्टा सैल होतो आणि उलट फिरवताना घसरतो, म्हणून हात फार हलका लागतो. नवीन घेत असाल तर थेट मोटरचंच घ्या.

इथे एक इशारा. अमेरिकेतून कुणी जुनं टर्नटेबल आणून दिलं तर ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज सुधारतं, पण फ्रिक्वेन्सी सुधारत नाही. जुन्या पट्ट्याच्या काही यंत्रांत मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. ती ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्याच मारते आणि गाणं सुमारे तीन अर्धस्वर खाली उतरतं. पुष्कळ जण हे 'पट्टा गेलाय' समजून पट्टे बदलत बसतात. अशा मोटरच्या दांड्यावरची पुली ५० हर्ट्झची मिळाली तरच उपयोग. थेट मोटरच्या यंत्रांना फ्रिक्वेन्सीचा हा त्रास नाही.

सुईच्या बाबतीत फ्लॅशने लंबगोल टोक आणि शंकूसारखं गोल टोक दोन्ही करून पाहिली. लंबगोल टोकाचा आवाज जास्त स्वच्छ, कारण ते खाचेच्या बारीक वळणांत शिरतं. पण मागे-पुढे केलं की उडतं. गोल टोक आवाजात थोडं मार खातं, खाचेत मात्र बसून राहतं. त्याने गोल निवडलं आणि डीजे आजही तेच निवडतात. तुमच्या सेटअपमध्ये सुईचा भार साधारण ३ ग्रॅमच्या आसपास, किंवा कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या तुकड्याच्या) कागदावर दिलेल्या वरच्या मर्यादेजवळ ठेवा, त्यापलीकडे नाही. अँटीस्केट शून्यावर आणा. अँटीस्केट ही रेकॉर्ड सुलट फिरताना टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, आत ओढला जातो त्याला विरोध करण्यासाठी असते. रेकॉर्ड उलटी फिरवली की हा हिशेब बिघडतो आणि तीच सुईला बाहेर ढकलते. सुई उडते म्हणून टोनआर्मवर नाणं चिकटवणारे लोक आहेत. त्याने उडणं थांबतं, खाचही संपते.

चौथी अडचण आधी ऐकण्याची. त्या काळात हौशी पोरांच्या हाती जे स्वस्त मिक्सर (दोन टर्नटेबलचा आवाज एकत्र करणारी यंत्रं) होते त्यात हेडफोनला वेगळी वाट नसायची. जे हेडफोनमध्ये, तेच हॉलमध्ये. जोन्सकडे ही सोय पाहून फ्लॅशने स्वतः बनवली: दोन्ही टर्नटेबलचा सिग्नल फेडरच्या आधीच फोडून घ्यायचा आणि मिक्सरला चिकटवलेल्या एका खटक्याने ठरवायचं की कानात डावं जाणार की उजवं. खटका सिंगल पोल डबल थ्रो जातीचा, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा. त्याने त्याला 'पीकाबू' म्हटलं. कुणी हे हौसेने बनवणार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलीव्होल्टच्या घरात सिग्नल येतो, तो सरळ हेडफोनला दिला तर काहीच ऐकू येणार नाही. फोनो प्रीअँपनंतर (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटनंतर) फोडायचा, आणि हेडफोनसाठी छोटा वेगळा अँप ठेवायचा. दोन्ही टर्नटेबलच्या अर्थच्या बारीक तारा मिक्सरच्या स्क्रूला घट्ट बांधा. गुणगुण येते ती दहातल्या नऊ वेळा तिथूनच.

आता करून बघायचं तर असं करा. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्या आणि दोन किंवा चार बारचा, सुरुवात ठसठशीत असलेला ब्रेक निवडा. पहिली किक (मोठ्या ड्रमचा ठोका) सुईखाली येईल तिथे हाताने मागे-पुढे करून नेमकी जागा शोधा. किकच्या आधी शांतता आणि मग 'धप्प' असा फरक हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येतो. लेबलवर, खाचांवर नाही, कागदी स्टिकरची पट्टी लावा जी त्या क्षणी १२ कडे बघेल. दोन्ही प्रतींवर सारखीच. पहिले काही दिवस एकच टर्नटेबल: वाजवा, ब्रेक संपला की फेऱ्या मोजत मागे या, थांबा, पुन्हा सोडा. ठेका लावायची घाई नको. मोजमाप अंगात उतरू द्या. मग मेट्रोनोम लावून त्याच्या समेवर सोडायचा सराव. नवखा इथे हमखास चुकतो: रेकॉर्ड नुसती मोकळी सोडतो. स्लिपमॅट असला तरी तबकडीचा वेग रेकॉर्डला मिळायला क्षणाचा अंश लागतो आणि मात्रा उशिरा पडते. सोडताना बोटांनी अगदी हलका पुढचा ढकल द्यावा लागतो. ढकल जास्त झाला तर पहिली मात्रा आवाजात चढलेली ऐकू येते. दोन्हींच्या मधली जागा कानानेच सापडते.

त्यानंतर दुसरं टर्नटेबल. दोन्हींची सरकपट्टी शून्यावर ठेवून दोन प्रती एकदम सोडा आणि बघा, एका मिनिटात त्या एकमेकींपासून सरकतात का. सरकत असतील तर आधी यंत्रं जुळवा, हाताला दोष देऊ नका. मग एकीवर चार बार, दुसरीवर चार बार. फेडर समेच्या किंचित आधी सरकवायचा. समेवर सरकवला तर किकचा पहिला कण कापला जातो आणि ठेका पोकळ वाटतो. डिजिटल कंट्रोलरवर शिकत असाल तर क्यू पॉइंट (ठरवलेल्या जागी परत नेणारं) आणि लूप (तोच तुकडा फिरवणारं) ही बटणं हेच सगळं एका टिचकीत करतात. त्यात काही गैर नाही, पण या सरावापुरता सिंक (लय आपोआप जुळवणारी सोय) बंद ठेवा.

आणि खाच झिजते. तोच दोन बारचा तुकडा शंभर वेळा मागे-पुढे घासला की तिथे खरखर बसते. त्याला क्यू बर्न म्हणतात. म्हणून डीजे जादा प्रती ठेवायचे, आणि कुठली रेकॉर्ड वाजवतोय ते दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून पाण्यात भिजवून लेबलंही काढून टाकायचे. तुम्ही लेबल काढू नका, स्टिकर कुठे लावणार?

थिओडोरचा उल्लेख इथे करायला हवा. फ्लॅशचा सुरुवातीचा जोडीदार मीन जीन; थिओडोर हा त्याचा धाकटा भाऊ, तेव्हा अगदी पोरगेला. या दोघांच्या सामानावर शिकता शिकता, हेडफोनमध्ये डीजेला ऐकू येणारी रेकॉर्ड मागे-पुढे केल्याची 'चिक-चिक' त्याने ठेक्यात बसवून लोकांना ऐकवली. हाच स्क्रॅच. फ्लॅशने तो पुढे लोकांसमोर नेला, पण पहिला नाही. त्याचं स्वतःचं आणखी एक तंत्र म्हणजे पंच फेझिंग: एका रेकॉर्डवर ठेका चालू असताना दुसरीवरचा ब्रास सेक्शनचा एकच फटकारा क्षणभर उघडून बंद करायचा. पुढे सँपलरवर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर) बोटाने बटण दाबून जे केलं गेलं त्याची ही हातची आवृत्ती.

एवढी तयारी करून तो लोकांसमोर गेला तेव्हा लोक नाचले नाहीत. उभे राहून त्याच्या हातांकडे बघत बसले. पार्टीच्या दृष्टीने हा पराभवच. तमाशात ढोलकीवाला कितीही तयारीचा असला तरी समोर सोंगाड्या लागतो, तसं त्याला बोलणारं माणूस लागलं. आधी काउबॉय (कीथ विगिन्स) आला, मग किड क्रिओल आणि मेली मेल हे ग्लोव्हर बंधू. तिघांनी वाक्यं आपसांत वाटून, एकाचं दुसऱ्याने उचलून बोलायची रीत बसवली. पुढे स्कॉर्पिओ आणि फंकी फोर या दुसऱ्या ग्रुपमधून आलेला रहीम मिळून फ्युरियस फाइव्ह झाले. 'हिप हॉप' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय बरेच जण काउबॉयला देतात. सैन्यात निघालेल्या मित्राची चेष्टा करताना कवायतीच्या तालात तो ते म्हणायचा. याच काळात फ्लॅश एक छोटं ताल-यंत्र बटणांनी हाताने वाजवायचा; त्याला ते 'बीट बॉक्स' म्हणत. १९७६ मध्ये त्यांनी हार्लेमच्या वरच्या अंगाच्या ऑड्युबॉन बॉलरूममध्ये कार्यक्रम केला. कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्सची हत्या झाली तोच हा हॉल. शाळेच्या आवारात वाजवणाऱ्या पोरांसाठी ही उडी मोठी होती.

मग रेकॉर्डिंगचा काळ आला, आणि गंमत म्हणजे डीजे गायब झाला. १९७९ मध्ये शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' गाजलं. त्यात 'गुड टाइम्स'चा बेस स्टुडिओतल्या वादकांनी वाजवला होता, ठेका टर्नटेबलवर धरलेला नव्हता. फ्लॅश आणि मंडळींनी त्याच वर्षी बॉबी रॉबिन्सनच्या एंजॉय रेकॉर्ड्ससाठी 'सुपररॅपिन' केलं, आणि १९८० मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सनच्या शुगर हिल रेकॉर्ड्सकडे गेले. न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या या कंपनीकडे स्वतःचे वादक होते: बेसवर डग विम्बिश, गिटारवर स्किप मॅकडॉनल्ड, ड्रमवर कीथ लब्लांक. रॅपर आणि वादक मिळून गाणं होत असेल तर दोन टर्नटेबलवाल्याने करायचं काय? नाव त्याचं, पण रेकॉर्डवर काम नाही, हा विरोधाभास इथून सुरू होतो. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच.

अपवाद एकच, पण तो सगळी कसर भरून काढतो. १९८१ चं 'दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील'. सुमारे सात मिनिटं, तीन टर्नटेबल, सगळं हाताने आणि एका दमात. मध्ये चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात. शीकचं 'गुड टाइम्स', क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', ब्लाँडीचं 'रॅप्चर', इनक्रेडिबल बाँगो बँडचं 'अपाचे', शिवाय स्वतःच्या कंपनीच्या रेकॉर्ड आणि बोललेले तुकडे. पहिल्या तिघांची निवड हौसेची नाही. तिघांची लय १०८ ते १११ च्या पट्ट्यात बसते. १०८ चं गाणं १११ वर न्यायला जेमतेम पावणेतीन टक्के वेग वाढवावा लागतो, स्वर फारसा बिघडत नाही. त्यातही 'रॅप्चर'मध्ये ब्लाँडीची गायिका डेबी हॅरी त्याचंच नाव घेते, आणि तो नेमकी तीच ओळ पुन्हा पुन्हा कापून स्वतःची ओळख करून देतो. हजरजबाबीपणात याला तोड नाही. टर्नटेबलचं काम हेच मुख्य वादन असलेली आणि इतक्या लोकांपर्यंत गेलेली अशी रेकॉर्ड त्याआधी नव्हती. हेडफोन लावून एक एक कट मोजत ऐका. वर सांगितलेलं गणित, पंच, मागे फिरवणं, सगळं उघडं ऐकू येतं.

'द मेसेज' १९८२ चं. कल्पना आणि बराचसा मजकूर कंपनीचा तालवादक एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटीचा. ग्रुपला ते आवडलं नव्हतं: लोक कटकटी विसरायला पार्टीत येतात, तिथे झुरळं आणि थकलेली हप्तेबंदी कोण ऐकणार? सिल्व्हिया रॉबिन्सनने हट्ट धरला, मेली मेल तयार झाला आणि त्याने 'सुपररॅपिन'मधलं आपलं जुनं कडवं शेवटी जोडलं. लय मुद्दाम संथ, सिंथचं तेच ते सूत्र, आणि रॅपमध्ये पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे वस्तीचं जगणं. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या आर अँड बी यादीत चौथा क्रमांक, सर्वसाधारण यादीत ६२ वा. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २००२ मध्ये जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, त्यात हे होतं. मुखपृष्ठावर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह. करार बँडच्या नावावर असला की असंच होतं.

त्यानंतरचा भाग पटकन सांगतो, कारण संगीताच्या दृष्टीने तो फिका आहे. रॉयल्टीच्या पैशांवरून फ्लॅशने शुगर हिलवर दावा लावला. स्वतःचं नाव त्याच्याकडे राहिलं, पण ग्रुप फुटला. रहीम आणि किड क्रिओल त्याच्याबरोबर, बाकी मेली मेलबरोबर. १९८३ चं 'व्हाइट लाइन्स' फ्लॅशचं समजतात. त्यावर 'ग्रँडमास्टर अँड मेली मेल' असं छापलंय आणि त्यात फ्लॅशचा सहभाग नाही. कोकेनविरोधी त्या गाण्याच्या काळात तो स्वतः व्यसनात अडकला होता, हे त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. इलेक्ट्रा कंपनीसाठी १९८५ ते १९८७ मध्ये तीन अल्बम आणि १९८८ मध्ये जुन्या मंडळींना एकत्र आणून 'ऑन द स्ट्रेंग्थ' केला. तोवर रन-डीएमसी हा रॅप ग्रुप आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी आवाजच बदलून टाकला होता. १९८९ मध्ये काउबॉय वारला. नव्वदच्या दशकात फ्लॅश विनोदवीर ख्रिस रॉकच्या टीव्ही कार्यक्रमाचा संगीत संचालक होता. रेन कंपनीच्या एम्पथ या मिक्सरच्या घडणीत त्याचा सहभाग होता, म्हणजे पीकाबूवाला मुलगा शेवटी कारखान्यात पोचला. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला हिप हॉप ग्रुप हाच, आणि २०१९ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार ग्रुपला नव्हे, फ्लॅशला, डीजे म्हणून मिळाला.

ऐकायचा क्रम विचाराल तर 'सुपररॅपिन', मग ग्रुपचंच 'फ्रीडम', मग 'व्हील्स ऑफ स्टील' आणि त्यानंतर 'द मेसेज'. इलेक्ट्राचे अल्बम वगळले तरी चालतील. सरावासाठी 'गुड टाइम्स'चा बारा इंची सिंगल दोन प्रतींत शोधा. बेसचा लांबलचक तुकडा त्यात आहे, एलपीवर दाबून बसवलेल्या खाचांपेक्षा या खाचा रुंद असतात, आणि रुंद खाचेत सुई कमी उडते.